‘कसंतरी होतंय’ची मोजदाद: ॲनोरेक्सियातल्या आतल्या जाणिवेचं एक प्रकरण

ॲनोरेक्सिया म्हणजे खाणं टाळत वजन धोक्याच्या पातळीपर्यंत घटवणारा मानसिक आजार. हे प्रकरण कुणा एका रुग्णाचं नाही. मोजमापातले नेहमीचे खाचखळगे एका जागी दाखवता यावेत म्हणून ते रचलं आहे आणि रुग्णाचे आकडे नमुन्यादाखल आहेत. ज्या चाचण्यांचा आणि अभ्यासांचा उल्लेख येतो, ते मात्र प्रत्यक्षातले आहेत.

परिस्थिती

वय 19. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. घर साताऱ्याकडे, शिक्षणासाठी पुण्यात कॉट बेसिसवर राहते, दोन्ही वेळचा डबा लावलेला. उंची 160 सेंटिमीटर, वजन 41.5 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 16.2. दीड वर्षापूर्वी वजन 54 किलो होतं. सात महिने पाळी नाही. हात गार, नखं निळसर, बसल्या जागी नाडी मिनिटाला 46.

‘मी जाड आहे’ हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्या तीन भेटींत एकदाही आलं नाही. तक्रार पोटाची होती. गॅस होतो, दोन घास खाल्ले की पोट डब्ब होतं, भूक लागतच नाही. आईचं म्हणणं: “आधी चतुर्थीचा उपास होता, मग सोमवार, मग एकादशी. देवाच्या कामाला नाही कसं म्हणायचं? आता उपास नसतानाही भूक नाही म्हणते हो.” सुरुवातीचे चार महिने पोटाच्या डॉक्टरांकडे गेले. एंडोस्कोपीत काही निघालं नाही, तेव्हा मानसोपचार विभागाकडे पाठवणी झाली.

अशा रुग्णांची नोंद नवी नाही. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनी 1990च्या दशकात जाड होण्याची भीती न सांगणारे ॲनोरेक्सियाचे रुग्ण वर्णन केले. खाणं टाळण्याचं कारण म्हणून ते पोट फुगल्याचं, भूक नसल्याचं सांगत. आपल्याकडच्या बाह्यरुग्ण विभागांतही हे चित्र ओळखीचं आहे. जिथे रुग्ण स्वतःच शरीराच्या आतल्या संकेतांकडे बोट दाखवतो, तिथे ते संकेत तपासणं हे उपचारातलं पहिलं काम ठरतं.

पहिल्या भेटीनंतर केस पेपरवर एक ओळ लिहिली गेली होती: ‘इंटरोसेप्शन कमी, बॉडी स्कॅन सुरू करावं.’ बॉडी स्कॅन म्हणजे शरीराच्या एकेका भागाकडे शांतपणे लक्ष देण्याचा सराव. या प्रकरणातला सगळा धडा त्या एका ओळीत अडकलेला आहे.

‘कमी’ म्हणजे काय कमी?

शरीराच्या आतून येणाऱ्या संकेतांची जाणीव म्हणजे इंटरोसेप्शन: भूक, तहान, पोट भरणं, धडधड, श्वास, लघवीची जाणीव, अंगातली ऊब. खाण्याच्या विकारांशी याचा संबंध हिल्डा ब्रुख यांनी 1962 मध्ये स्पष्ट मांडला. ॲनोरेक्सियातल्या तीन मूळ बिघाडांपैकी एक म्हणजे शरीरातून उठणारे संकेत ओळखण्यात आणि त्यांचा अर्थ लावण्यात होणारी गडबड, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे 1983 मध्ये आलेल्या ईटिंग डिसऑर्डर इन्व्हेंटरी या प्रश्नावलीत यासाठी वेगळी उपश्रेणी ठेवली गेली. तिसऱ्या आवृत्तीत तिचं नाव ‘इंटरोसेप्टिव्ह डेफिसिट्स’ झालं आणि तिच्यात नऊ प्रश्न आहेत. मात्र या उपश्रेणीचा बराच भार भावनांचा गोंधळ विचारण्यावर आहे. तिथला जास्त गुण पाहून ‘हिला पोटाचं कळत नाही’ असा निष्कर्ष काढला, तर जे विचारलंच नाही त्याचं उत्तर आपण लिहून मोकळे होतो.

2015 मध्ये सारा गारफिंकेल आणि सहकाऱ्यांनी तीन गोष्टी वेगळ्या केल्या: चाचणीत प्रत्यक्ष किती अचूक कळतं, आपल्याला किती कळतं असं माणसाला वाटतं, आणि या दोन्हींचा मेळ किती बसतो. खाण्याच्या विकारांत या तिन्हींच्या आधी आणि नंतर आणखी एकेक प्रश्न जोडावा लागतो. आधीचा: संकेत मुळात नेहमीसारखा निघतोय का? नंतरचा: कळलेल्या संकेतावर माणूस विश्वास ठेवतो का? उपासमारीत हृदय संथ होतं आणि जठर रिकामं व्हायला जास्त वेळ घेतं. म्हणजे तारेच्या पलीकडे निरोपच बदललेला असतो. तो न तपासता ऐकणाऱ्याच्या कानाला दोष देता येत नाही.

मोजण्याआधीची साफसफाई

चाचणीच्या दिवशी ईसीजी, सोडियम, पोटॅशियम, फॉस्फेट, साखर, आणि आडवं असताना व उभं राहिल्यावर रक्तदाब हे सगळं आधी झालं. क्यूटीसी (ईसीजीवरून मोजला जाणारा, हृदयाच्या प्रत्येक ठोक्यातल्या विद्युत-क्रियेचा कालावधी) 430 मिलिसेकंद, पोटॅशियम 3.7, सोडियम 136. नाडी 40 च्या खाली गेली तर चाचण्या बाजूला ठेवून दाखल करायचं, हे आधीच लिहून ठेवलं होतं.

मग औषधांची पिशवी उलटी केली. हे काम दर वेळी करावं, नुसतं ‘काही घेतेस का?’ असं विचारून भागत नाही. पिशवीत तीन वस्तू निघाल्या. पहिली, ‘गॅसची गोळी’ म्हणून रोज घेतली जाणारी कॅप्सूल, जिच्यात डॉम्पेरिडोन होतं. ते जठराची हालचाल वाढवतं, म्हणजे पोट भरल्याची मोजणी बिघडवतं. त्याहून गंभीर बाब म्हणजे ते क्यूटी लांबवू शकतं, आणि पोटॅशियम घसरलेल्या माणसात ते धोक्याचं आहे. वैद्यकीय सल्ल्याने ते बंद केलं. दुसरी वस्तू इसबगोल. ‘पोट साफ राहावं म्हणून’ जेवणाआधी अर्धा तास दोन चमचे, पेलाभर पाण्यातून. फुगलेल्या इसबगोलवर दोन घासांत पोट डब्ब वाटलं, तर त्यात जाणिवेचा दोष कुठे आला? तिसरी वस्तू, इन्स्टंट कॉफीच्या पुड्या. ती सकाळी उपाशीपोटी दोन कप काळी कॉफी घ्यायची. ठरलेल्या पहिल्या दिवशीही ती कॉफी पिऊनच आली, म्हणून चाचणी पुढे ढकलली.

पुढची तारीख ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, कारण संकष्टी तीन दिवसांवर होती. उपासाच्या दिवशी किंवा त्याच्या दुसऱ्या दिवशी भुकेची आधाररेषा घेतली, तर तिची पुढच्या कुठल्याही दिवसाशी तुलना होत नाही. शेवटी इसबगोल आणि गोळी बंद करून आठवडा झाल्यावर, सकाळी साडेआठला ठरलेला नाश्ता आणि साडेअकराला चाचणी, असं बसवलं.

ठोके मोजण्याची चाचणी आणि शाळेतला 72

राइनर शांड्री यांनी 1981 मध्ये मांडलेली ही चाचणी सर्वात जास्त वापरली जाते, कारण ती स्वस्त आणि झटपट आहे. नाडीला हात न लावता, मनातल्या मनात स्वतःच्या हृदयाचे ठोके मोजायचे. 25, 35 आणि 45 सेकंदांचे टप्पे उलटसुलट क्रमाने द्यायचे, टप्पा किती सेकंदांचा ते सांगायचं नाही. त्याच वेळी यंत्रावर खरे ठोके नोंदले जातात. प्रत्येक टप्प्याचा गुण म्हणजे 1 वजा (खरे आणि सांगितलेले यांतला फरक भागिले खरे), आणि शेवटी तिन्ही गुणांची सरासरी. 1 म्हणजे तंतोतंत.

करण्याच्या रीतीत बारकावे पुष्कळ आहेत. खरे ठोके तीन तारांच्या ईसीजीने घ्यावेत. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर दोन कारणांनी नको. एक, चिमट्याच्या दाबाने बोटाच्या टोकाशी नाडी उडताना जाणवते आणि चाचणी फुकट जाते. दोन, ॲनोरेक्सियात गार पडलेल्या बोटांत रक्तपुरवठा इतका कमी असतो की यंत्र ठोके गाळतं. बसताना पायावर पाय नको, हात मांडीवर दाबलेले नकोत, घट्ट पट्टा किंवा ओढणीची गाठ सैल करावी. खोलीत टिकटिक करणारं घड्याळ नको. आधी पाच मिनिटं शांत बसू द्यावं. मधे ‘छान’ किंवा ‘बरोबर’ असं काहीही म्हणू नये.

पहिल्या फेरीत नेहमीची सूचना दिली: ‘तुझ्या हृदयाचे ठोके मनात मोज.’ खरे ठोके 19, 27 आणि 35. तिने सांगितले 29, 41 आणि 52. 45 सेकंदांच्या टप्प्यात फरक 17, 17 भागिले 35 म्हणजे 0.49, म्हणून गुण 0.51. तिन्ही टप्प्यांची सरासरी 0.49. प्रत्येक टप्प्यानंतर ‘किती खात्री वाटते?’ असं 0 ते 100 च्या पट्टीवर विचारलं, तर सरासरी 80.

इथेच थांबलं असतं, तर अहवालात ‘अचूकता कमी, आत्मविश्वास जास्त’ असं गेलं असतं आणि ते वाचायला पटलंही असतं. पण तिचे आकडे मिनिटाच्या हिशेबात मांडले, की 29, 41 आणि 52 हे तिन्ही मिनिटाला सुमारे 70 या एकाच चालीवर बसतात. तिला विचारलं: “तुझं हृदय मिनिटाला किती वेळा पडत असेल?” उत्तर आलं: “बहात्तर. शाळेत शिकवलंय ना.”

मग दोन पूरक चाचण्या घेतल्या. पहिल्या चाचणीत नुसते सेकंद मोजायला सांगितले: 23, 40 आणि 56 सेकंदांना तिने 22, 41 आणि 54 सांगितले. वेळेचा अंदाज उत्तम. ज्याला वेळ मोजता येतो आणि 72 हा आकडा ठाऊक आहे, त्याला हृदयाकडे लक्ष न देताही ठोक्यांचा आकडा सांगता येतो. दुसऱ्या चाचणीत ठोके पुन्हा मोजायचे, पण सूचना कडक: ‘जो ठोका खरोखर जाणवला तोच मोज. अंदाज करू नकोस. एकही जाणवला नाही तर शून्य सांग, शून्य हे चुकीचं उत्तर नाही.’ आता उत्तरं आली 0, 4 आणि 3. सरासरी गुण 0.08, खात्री 20.

एकच मुलगी, एकच सकाळ, एकच हृदय. सूचनेतली दोन वाक्यं बदलली आणि 0.49 चे 0.08 झाले. या चाचणीत अंदाज आणि आधीचं ज्ञान किती मिसळतं, यावर गेल्या काही वर्षांत बरीच टीका झाली आहे. ॲनोरेक्सियात ठोक्यांची जाणीव कमी असते, असं 2008 मध्ये ओल्गा पोलाटोस यांच्या गटाला आढळलं होतं, तर नंतरच्या काही अभ्यासांना निरोगी गटाशी फरकच सापडला नाही. संथ हृदय हा या गोंधळातला मोठा धागा आहे, असं आमचं मत आहे. 72 धरून चालणाऱ्या दोघांपैकी ज्याचं हृदय 70 ने पडतं तो ‘अचूक’ ठरतो आणि ज्याचं 46 ने पडतं तो ‘नापास’ होतो. जाणवलेलं दोघांनाही काही नसतं.

प्रश्नावली: लक्ष जातं की लक्ष देते?

स्वतःला काय वाटतं हे टिपण्यासाठी माया (MAIA) या इंटरोसेप्शनच्या प्रश्नावलीची दुसरी आवृत्ती वापरली. पहिली आवृत्ती वुल्फ मेहलिंग आणि सहकाऱ्यांची, 2012 ची, 32 प्रश्नांची. 2018 च्या दुसऱ्या आवृत्तीत 37 प्रश्न आणि आठ उपश्रेणी आहेत, प्रत्येक प्रश्नाला 0 ते 5. एकूण बेरीज करायची नसते, उपश्रेणींची सरासरी वेगवेगळी वाचायची. संवेदनांपासून लक्ष न वळवण्याच्या उपश्रेणीतले सगळे प्रश्न उलटे मोजावे लागतात. घाईत हे राहून जातं, आणि लक्ष दुसरीकडे वळवणारा रुग्ण कागदावर धीराचा दिसतो.

मराठीत विचारताना भाषेनेच एक भेद हातात दिला. इंग्रजीतल्या एका क्रियापदासाठी आपल्याकडे दोन रूपं आहेत: लक्ष जातं आणि लक्ष देते. आपसूक लक्ष जाणं ही एक उपश्रेणी, ठरवून लक्ष देणं आणि टिकवणं ही दुसरी. भाषांतरात दोन्हींना ‘लक्ष’ म्हणून सोडलं की दोन उपश्रेणी एकमेकींत मिसळतात. ‘जाणीव’ हा शब्दही सांभाळून वापरावा, कारण ‘मला माझ्या शरीराची जाणीव आहे’ याचा अर्थ बरेच जण ‘मी बेफिकीर नाही’ असा घेतात. म्हणून भाषांतर केल्यावर मूळ प्रश्न न पाहिलेल्या माणसाकडून ते उलट भाषांतरित करून घ्यावं, आणि चार-पाच जणांना ‘हा प्रश्न तुला काय विचारतोय असं वाटतं?’ असं विचारून पाहावं. परदेशी नमुन्यांवरून ठरलेल्या सरासरीशी तुलना करू नये. एकाच व्यक्तीच्या आधीच्या आणि नंतरच्या गुणांची तुलना करावी.

तिचे पहिल्या आठवड्यातले गुण असे: संवेदनांकडे लक्ष जाणं 3.5. त्यांची काळजी न वाटणं 1.4. शरीराचं ऐकून निर्णय घेणं 1.0. शरीराकडे लक्ष देऊन स्वतःला शांत करणं 0.75. शरीरावर विश्वास 0.33.

म्हणजे लक्ष भरपूर जातं. काय जाणवतंय याची भीती वाटते, आणि जे जाणवतं त्यावर काडीचा भरवसा नाही. खाण्याच्या विकारांत मायाच्या उपश्रेणींपैकी विश्वासाची उपश्रेणी लक्षणांशी विशेष जोडलेली दिसते, हे या क्षेत्रातल्या अभ्यासांतून पुढे आलेलं आहे. ‘बॉडी स्कॅन सुरू करावं’ ही केस पेपरवरची ओळ इथेच डळमळली. आधीच पोटावर डोळा रोखून बसलेल्या मुलीला पोटाकडे आणखी लक्ष द्यायला सांगणं, म्हणजे भीतीला खतपाणी.

ताट

सर्वात जास्त माहिती दिली ती सगळ्यात साध्या मोजणीने. पाच गोष्टी: भूक, पोट भरल्याची भावना, फुगल्याची भावना, धडधड, घालमेल. प्रत्येकीसाठी 100 मिलिमीटरची आडवी रेघ, डाव्या टोकाला ‘अजिबात नाही’, उजव्या टोकाला ‘याहून जास्त असूच शकत नाही’. रेघेवर पेनाने उभी खूण करायची, नंतर पट्टीने मोजायची. प्रत्येक वेळेसाठी कोरा कागद, आधीचा कागद उचलून घ्यायचा, नाहीतर हात आधीच्या खुणेच्या शेजारी जातो. 10 पैकी गुण द्यायला सांगू नये. शिकणारी मुलं त्याला मार्क समजतात.

ताटही ठरवून घ्यावं लागतं. आधी मटकीची उसळ ठरली होती, ती काढली, कारण उसळीचा गॅस खराच असतो आणि मोजणीत मिसळतो. ठरलं ते असं: दोन पोळ्या, एक वाटी साधं वरण, अर्धी वाटी भात, दुधीची भाजी, चार चमचे दही. जेवताना पाणी अर्धा पेला, त्याहून जास्त नाही.

ताट येण्याआधी, रिकाम्या टेबलाशी: भूक 10, पोट भरलेलं 35, धडधड 15, घालमेल 30. नाडी 48.

मग ताट समोर ठेवलं. तीन मिनिटं हात लावायचा नाही. वरणाची वाफ तिच्याकडे येत होती, तिने खुर्ची बोटभर मागे सरकवली. कागद दिला, ती बराच वेळ पेन धरून थांबली आणि म्हणाली, “मॅडम, कसंतरीच होतंय.”

“कुठे होतंय?”

तिने तळहात आधी बेंबीच्या वर ठेवला, मग वर सरकवत छातीच्या हाडाखाली आणला. “इथे. भरलंय.”

खुणा मोजल्या: पोट भरलेलं 60, धडधड 55, घालमेल 75. नाडी 52. एक घासही पोटात गेला नव्हता.

या 35 ते 60 मध्ये प्रकरणाचं मर्म आहे. पोट भरल्याची भावना 25 मिलिमीटरने वाढली आणि पोटात काहीही गेलेलं नव्हतं. धडधड जवळपास चौपट झाली, हृदय मात्र मिनिटाला चारच ठोक्यांनी वाढलं. साहिब खालसा आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये हृदयाची गती वाढवणाऱ्या आयसोप्रोटेरेनॉलचे छोटे डोस आणि नुसतं सलाईन देऊन हेच तपासलं होतं. ॲनोरेक्सिया असलेल्यांना जेवणाची वाट पाहताना, शरीरात उत्तेजना फारशी नसतानाही, छातीतल्या संवेदना जास्त जाणवल्या. मेंदू आतला निरोप नुसता ऐकत नाही, तो काय येणार याचा आधीच अंदाज बांधतो. अंदाज जबर असला, की निरोप येण्याआधीच तो ‘जाणवतो’.

तिने अर्धं ताट संपवलं. लगेच नंतर भरलेपण 90, दोन तासांनी 70. यातला दोन तासांनंतरचा आकडा मात्र वेगळ्या नजरेने वाचायला हवा. कमी वजनात जठर खरंच हळू रिकामं होतं, त्यामुळे ते 70 बऱ्याच अंशी खरे असण्याचा संभव आहे. ‘सगळं तुझ्या मनात आहे’ हे वाक्य इथे तथ्यालाही धरून नाही आणि रुग्णाचा राहिलेला विश्वासही घालवतं. तिला दोन्ही आकडे शेजारी ठेवून दाखवले: हे जेवणाआधीचं भरलेपण जेवणातून आलेलं असू शकत नाही, आणि हे दोन तासांनंतरचं पोटाचं आहे, ते नियमित खाण्याने हळूहळू उतरतं.

‘कसंतरी होतंय’ या शब्दांना मोजणाऱ्याने जपावं. त्यात पोट, छाती, भीती आणि लाज एकत्र बांधलेली असतात. ‘म्हणजे चिंता वाटतेय ना?’ असं आपणच गाठ सोडवून दिली, की पुढच्या वेळेपासून रुग्ण आपण दिलेला शब्दच आपल्याला परत करतो. कुठे, कधीपासून, वर चढतंय की खाली उतरतंय, एवढंच विचारावं.

पाण्याची चाचणी का थांबवली

जठराची जाणीव मोजण्यासाठी दोन टप्प्यांची पाणी पिण्याची चाचणी आहे. किती प्यायलो हे दिसणार नाही अशा भांड्यातून नळीने साधं पाणी आधी ‘पुरे’ वाटेपर्यंत प्यायचं, मग ‘आता घोटभरही नको’ इथपर्यंत. पहिलं प्रमाण भागिले एकूण, गुणिले 100. कल्पना सुरेख आहे, कारण जठर किती मोठं हा प्रश्न भागाकारात निघून जातो. पण पहिल्या आठवड्यात ती केली नाही. कमी वजनात जास्त पाण्याने सोडियम घसरू शकतं, आणि वजनाआधी पाणी पिऊन काटा फसवण्याची सवय या आजारात सर्रास दिसते. ती सवय आहे की नाही हे कळायच्या आत पाणी पिण्याचा सराव आपणच द्यायचा नसतो.

उपचारात काय बदललं

बॉडी स्कॅन रद्द. ‘भूक लागली की खा’ हा घरचा सल्लाही थांबवला. आईला हे पटवणं अवघड गेलं. भुकेवाचून खाऊ नये, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. तेव्हा 1944–45 मधल्या मिनेसोटातल्या उपासमारीच्या प्रयोगाचा आधार घेतला. अँसेल कीज यांच्या त्या प्रयोगात 36 निरोगी तरुणांनी सहा महिने अर्धपोटी काढले, आणि पुन्हा भरपेट अन्न मिळू लागल्यावरही भूक आणि तृप्तीचं त्यांचं गणित कित्येक आठवडे विस्कटलेलं राहिलं. धडधाकट माणसांचंही असं होतं, त्यात मुलीचा हट्ट किंवा आईची चूक नसते.

त्यामुळे खाणं घड्याळावर बांधलं: तीन जेवणं, दोन ते तीन वेळा मधलं खाणं, मधे चार तासांहून जास्त अंतर नाही. डब्यातली एक पोळी साडेचारच्या खाण्याला, गूळ-तूप लावून. उपासाच्या दिवशीही हेच वेळापत्रक, पदार्थ उपासाचे, प्रमाण तेच. घरच्या गुरुजींनी आजारपणात उपास सोडायला मोकळीक दिली, त्याचा मोठा उपयोग झाला. भुकेची रेघ दिवसातून एकदाच भरायची आणि तिच्यावरून काहीही ठरवायचं नाही, नुसती नोंद ठेवायची. आठव्या आठवड्यापासून ताट समोर ठेवून थांबण्याचा सराव टप्प्याटप्प्याने केला. भरलेपण वाढू द्यायचं, खूण करायची, तरी पहिला घास घ्यायचा.

चौदावा आठवडा

वजन 49 किलो, बीएमआय 19.1. हे वजन खरं आहे का, हे सकाळच्या लघवीच्या विशिष्ट घनतेवरून पडताळलं. नाडी 66.

ठोक्यांची चाचणी, नेहमीची सूचना: खरे 28, 38 आणि 50. तिने सांगितले 29, 41 आणि 53. गुण 0.94. पहिल्या आठवड्यातल्या 0.49 शेजारी हा आकडा ठेवला, तर कुणालाही वाटेल की उपचाराने जाणीव दुप्पट झाली. तिची उत्तरं मात्र पहा: तेव्हा 29, 41, 52 आणि आता 29, 41, 53. ती तिथेच आहे, हृदय 70 च्या जवळ येऊन पोहोचलं. कडक सूचनेवर 6, 11 आणि 9, गुण 0.23. बदल आहे, लहान आहे. अहवालात दोन्ही आकडे सूचनेसकट लिहिले.

माया: लक्ष जाणं 3.25, काळजी न वाटणं 2.2, विश्वास 1.33. तेच ताट: आधी भरलेपण 20, ताट समोर आल्यावर 30, पूर्ण जेवणानंतर 75, दोन तासांनी 40.

सोडियम 138 होतं, डॉक्टरांनी होकार दिला, वरची मर्यादा आधी ठरवली आणि पाण्याची चाचणी केली. ‘पुरे’ला 210 मिलिलिटर, एकूण 350, म्हणजे 60 टक्के. सूचनेत ‘तहान भागेपर्यंत’ म्हणून चालत नाही, तहान आणि पोट वेगळे. ‘जेवून समाधान वाटतं तितपत’ असं सांगितलं. दुसरा टप्पा तिने भीतीने थांबवला की भरलं म्हणून, हे विचारलं तेव्हा ती म्हणाली, “दोन्ही.” म्हणून 60 हा आकडा नोंदला, पण त्याच्यावरून काही ठरवलं नाही.

सोळाव्या आठवड्यातल्या भुकेच्या कागदांत एक कागद वेगळा आला. दुपारी चारच्या रेघेवर खूण नव्हती. रेघेखाली पेन्सिलने लिहिलं होतं: ‘लागली असावी.’ कागद तसाच फाइलला लावला, आकडा घातला नाही. साडेचारची गूळ-पोळी ठरल्या वेळेलाच दिली.